सव्वासहाची बस आणि माझी कारकीर्द

मी, आन्सगार योहानेस रेबलिंग, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा वाद्यवृंद हाकणे (तेरा वर्षांपासून निवृत्त), राहणार म्युलेनगासे ९, लिंडेनरोडे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शाईने लिहून ठेवीत आहे. अक्कलहुशारी शाबूत असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांकडून घेऊन सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी "दुर्दैवाने शाबूत" असे लिहिले होते. पहिला शब्द मी त्यांना खोडायला लावला.

आमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे असा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लिहिणाऱ्याच्याच हातचा लागतो. माझा उजवा हात गेली तीन वर्षे थरथरतो. तेव्हा एखादी ओळ वाकडी गेली, तर म्हाताऱ्याचे मन डळमळले असा अर्थ कोणा वकिलाने काढू नये. याच हाताकडे बघून साठ माणसे सदतीस वर्षे वाजवीत होती. त्यातली निम्मी बघतच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

कलम १. यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः १९८१ सालचे, जे मी नाट्यगृहाच्या उपाहारगृहात, एका कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर, रागाच्या भरात लिहिले होते. माझी तेव्हाची पत्नी एडेलट्राउड हिला माझ्या मिळकतीतले काहीही मिळू नये, एवढेच त्यात होते. मग ते मिळावे कोणाला, हे लिहायचे राहून गेले होते.

कलम २. म्युलेनगासेतील राहते घर, मागची बाग, नासपतीचे झाड आणि झाडाची शेजाऱ्याच्या कुंपणावर गेलेली फांदी (फांदीवरच्या फळांसह, शेजारी काहीही म्हणो) माझी एकुलती एक मुलगी विब्के हिला द्यावी. विब्के कील शहरात दातांची डॉक्टर आहे. सात वर्षांची असताना मी तिला व्हायोलिन शिकवायला बसलो. तीन आठवडे मी ओरडलो आणि ती रडली. चौथ्या आठवड्यात तिने टबात पाणी भरले, व्हायोलिन त्यात बुडवले आणि मला हाताला धरून दाखवायला नेले.

"बघा बाबा, आता कसं गप्प बसलंय!"

तेव्हा मी तिला मारायला धावलो होतो. आज कबूल करतो की घरात लयीचे खरे ज्ञान तिलाच होते. आता दिवसभर माणसे तिच्यापुढे तोंड उघडे ठेवून बसतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. माझ्या गायकांच्या बाबतीत मला हे उभ्या जन्मात साधले नाही.

कलम ३. दिवाणखान्यातील खुंटीवर हिरव्या मुठीची एक छत्री आहे. ती माझी नाही. श्री. वोलराब, एके काळचे आमच्या नाट्यगृहाचे वरच्या पट्टीचे गायक, ती १९८१च्या नोव्हेंबरात एडेलट्राउडला घेऊन जाताना घाईत विसरून गेले. ती त्यांना परत पाठवावी. सोबत चिठ्ठी जोडावी: "तेव्हापासून पाऊस बराच झाला. तुमचे कसे चालले?" याहून अधिक काही लिहू नये. खरे म्हणजे त्या माणसाचे माझ्यावर उपकारच आहेत, पण ते त्यांना कळवण्याची आवश्यकता नाही.

कलम ४. वाद्यवृंद हाकायच्या माझ्या छड्या. एकूण एक्केचाळीस शिल्लक आहेत. मोडलेल्या, फेकलेल्या आणि १९९२च्या नववर्षाच्या कार्यक्रमात हातातून निसटून नगराध्यक्षांच्या सौभाग्यवतींच्या अंबाड्यात जाऊन बसलेली एक, एवढ्या यात धरलेल्या नाहीत. चाळीस छड्या विब्केने बागेत टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावाव्यात. उरलेली एक, आणि तिच्याबरोबर सूर तपासायचा माझा पोलादी नादकाटा, आमचे पहिले ओबोवादक श्री. ओटमार क्राल यांना द्यावा.

याला कारण आहे. वाद्यवृंदात सनईच्या जातीचा ओबो आधी एक सूर देतो आणि त्या सुरावर बाकीचे सगळे आपापली वाद्ये लावून घेतात. १९८८ सालच्या एका तालमीत मी सर्वांदेखत म्हणालो, "क्राल, तुमचा सूर चढलाय."

क्राल म्हणाले, "सूर जागेवर आहे. तुमचा कान उतरलाय."

त्या दिवसापासून माझ्या निवृत्तीपर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते माझ्यापासून पाच पावलांवर बसत. मध्ये बासरीवाल्या बाबेटबाई होत्या, सगळा व्यवहार त्यांच्या मार्फत चाले.

"बाबेटबाई, क्रालना सांगा, तिसऱ्या पानावर जरा हळू."

"बाबेटबाई, साहेबांना सांगा, मी हळूच वाजवतोय. त्यांनाच मोठं ऐकू येतंय."

"अहो, तुम्ही दोघंही मला ऐकू येताय आणि एकमेकांनाही ऐकू येताय!" बाबेटबाई एकदा ओरडल्या.

आम्ही दोघांनीही पुढचे पान उलटले. ती बिचारी रक्तदाबामुळे लवकर निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी तिला क्राल आणि मी मिळून एक भेट दिली. वर्गणी निम्मी निम्मी होती आणि आमच्यापुरती तीही बाबेटबाईंनीच गोळा केली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा क्राल इस्पितळात आले. हातात द्राक्षे. वीस मिनिटे खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "हॉल तापलेला असायचा. हॉल तापला की सूर चढतो."

"म्हणजे चढला होता."

"हॉलनं चढवला होता. मी नाही."

एवढे बोलून ते उठले. द्राक्षे मात्र ठेवून गेले. गोड होती. म्हणून नादकाटा.

कलम ५. हे कलम लांबणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल कॉफी पिऊन यावे.

माझ्याजवळ स्वरलिपीची एकशे त्र्याऐंशी पुस्तके आहेत: आमच्या नाट्यगृहात मी उभे केलेले सारे ऑपेरा आणि बाकीचे संगीत, समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणांसह. "इथे नायिका रेंगाळते, थांबा आणि मनात शिव्या द्या." "इथे ढोलवाला झोपतो, आधीच्या पानावर खोकावे." असे ज्ञान शाळेत मिळत नाही. हा सगळा संग्रह मी लिंडेनरोडेच्या नगर नाट्यगृहाला देतो, परंतु एका अटीवर, आणि ती अट समजण्यासाठी मागचे सांगणे भाग आहे.

नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात माझ्या नावाची पितळी पाटी आहे. तिच्यावर असे कोरले आहे: "१२ ऑक्टोबर १९६९ रोजी प्राध्यापक ल्युडेके यांची प्रकृती अचानक बिघडल्याने तरुण आन्सगार रेबलिंग यांनी एकाही तालमीविना ऑपेरा पेलला आणि लिंडेनरोडेच्या संगीताचे सुवर्णयुग सुरू झाले." 'सुवर्णयुग' हा शब्द मीच सुचवला होता.

ही गोष्ट मी पन्नास वर्षे सांगत आलो. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. पाच वर्षांपूर्वी नाट्यगृहात लागलो होतो, काम असे की पियानोपाशी बसून गायकांकडून त्यांच्या भूमिका घोकून घ्यायच्या. छडी हातात मिळे ती नाताळात, लहान मुलांच्या नाटकाला, ज्यात लांडग्याचे काम करणारा माणूस लयीत कधीच ओरडत नसे. त्या रविवारी दुपारी तीनचा खेळ होता. मी उपाहारगृहात बटाट्याचे सूप पीत होतो. तीनला सात मिनिटे कमी असताना रंगमंच व्यवस्थापक धावत आला.

"रेबलिंग, उठा, कोट घाला!"

"कोणाचा?"

"कोणाचाही! ल्युडेकेसाहेब सापडत नाहीत, घरी फोन उचलत नाहीत, बरं नसणार. तुम्हाला सगळं पाठ आहे ना?"

मला सगळे पाठ होते. पाच वर्षे प्रत्येक पात्राच्या कानात मीच ते ओतले होते. समूहगायनातल्या एका धिप्पाड माणसाचा कोट मला घातला. बाह्या इतक्या लांब की वादकांना पहिल्या अंकात माझी छडी दिसलीच नाही, आणि कदाचित म्हणूनच तो अंक चांगला झाला. शेवटी लोकांनी उभे राहून अकरा मिनिटे टाळ्या वाजवल्या. मुलाखतींतून मी हा आकडा हळूहळू सोळापर्यंत नेला. ल्युडेके दुसऱ्याच दिवशी प्रकृतीच्या कारणाने रजेवर गेले आणि परत आलेच नाहीत. मी आधी दुय्यम संचालक आणि १९७९ साली मुख्य संगीत संचालक झालो. दोन हजारांहून अधिक खेळ केले. आणि दर वेळी छडी उचलताना मनात म्हणे, मला देवाने बोलावले आहे.

आता कुंझेबाई. श्रीमती रोझविता कुंझे आमच्या प्रॉम्प्टर, म्हणजे गायकांना पुढचे शब्द पुरवणाऱ्या. आमच्याकडे प्रॉम्प्टर रंगमंचाच्या कडेला, मधोमध, एका खोक्यात बसते. तोंड गायकांकडे, पाठ संचालकाकडे. संचालकाची छडी दिसावी म्हणून तिच्यासमोर एक छोटा आरसा असतो. कुंझेबाईंचा आरसा मोटारसायकलचा होता. त्या आरशात त्यांना मी दिसे आणि मला त्यांची डावी भुवई. गायक पुढचे शब्द विसरणार असेल तर ती भुवई त्याच्या आधी दोन मात्रा वर जाई. हे त्यांना कसे कळे ते देव जाणे. सदतीस वर्षे मी त्या भुवईच्या भरवशावर ऑपेरा चालवले. आम्ही दोघे एकाच वर्षी निवृत्त झालो. तेव्हापासून दर मंगळवारी त्या माझ्याकडे रमी खेळायला येतात. एकमेकांना अजून 'तुम्ही'च म्हणतो.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, आम्ही रमी खेळत असताना, आताचे नाट्यगृहप्रमुख श्री. डेगेनकोल्बे पाटीचा मजकूर घेऊन घरी आले. त्या रविवाराला ऑक्टोबरात पन्नास वर्षे होणार, तर पाटी बसवू आणि कुंझेबाई आठवणी सांगतील, असा त्यांचा बेत. मी आनंदाने मान डोलावली. ते गेले. कुंझेबाईंनी पत्ते पिसले, वाटले आणि म्हणाल्या, "रेबलिंगसाहेब, मी काही त्या समारंभात बोलणार नाही."

"का? घसा बसलाय का?"

"घसा उत्तम आहे. पण खोटं कसं बोलू? चाळीस वर्षं लोकांना शब्द पुरवले, चुकीचा एकही नाही पुरवला. त्या दिवशी कुणाचीही प्रकृती बिघडली नव्हती. ल्युडेकेसाहेबांना मी कोंडलं होतं."

मी हातातला पत्ता खाली टाकला. बदामची राणी होती, आणि टाकायला नको होती.

"कोंडलं म्हणजे?"

"म्हणजे बाहेरून कडी घातली. खेळाआधी ते टोप चिकटवून घ्यायला तळघरातल्या विगांच्या खोलीत जायचे ना? विगवाल्या बाई त्यांचा टोप चिकटवून वर नायिकेकडे गेल्या, त्यांना नंतर कुणी विचारलंच नाही, आणि साहेब आरशात बघत बसले. मी दार लोटलं, कडी घातली, आणि वर येऊन माझ्या खोक्यात बसले."

माझ्या डोळ्यांत पाणी आले हे मी लपवत नाही. मी म्हणालो, "माझ्यासाठी? कुंझेबाई, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत?"

"तुमच्यासाठी? छे हो! बससाठी!"

मग त्यांनी सांगितले. त्या तेव्हा निडरहोल्झ या खेड्यात राहत. रविवारची शेवटची बस सव्वासहाला. आई अंथरुणाला खिळलेली, तिच्याजवळ शेजारीण बसे आणि ती सातच्या ठोक्याला उठून जाई. ल्युडेकेसाहेब म्हातारपणी इतके संथ झाले होते की पाच मिनिटांचे गाणे आठ मिनिटांवर जाई. पडदा साडेसहाला पडे. मग कुंझेबाई नऊ किलोमीटर चालत जात. आदल्या हिवाळ्यात आई दोनदा पलंगावरून पडली होती आणि बराच वेळ फरशीवर पडून राहिली होती.

"आणि तुम्ही पियानोवर तेच सगळं भराभर वाजवायचात," त्या म्हणाल्या. "मी घड्याळ लावून बघितलं होतं. तुमच्या हातात खेळ सहाला संपला असता."

"आणि संपला?"

"सहाला तीन मिनिटं कमी."

"म्हणजे माझ्यात काही गुण दिसला म्हणून नव्हे?"

"गुण होता की. वेग."

मी त्यांना विचारले की ल्युडेके मग ओरडले कसे नाहीत, दार कसे वाजवले नाही? यावर त्यांनी हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पडदा पडल्याबरोबर मी खाली धावले. वाटलं, आता नोकरी गेली, कदाचित तुरुंगही. कडी काढली. साहेब खुर्चीत बसलेले. भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून वरचा खेळ ऐकू यायचा ना, त्याचा आवाज त्यांनी पूर्ण मोठा केलेला. आणि त्याच्या शेजारी, रेबलिंगसाहेब, टेलिफोन होता. माझ्या लक्षातच नव्हता. एक आकडा फिरवला असता तर द्वारपाल येऊन उघडून गेला असता. तीन तास त्यांनी तो उचलला नाही."

"काही बोलले?"

"म्हणाले, 'बाई, दोन वर्षं झाली, मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. कुणीतरी कडी लावायला हवीच होती.' मग घड्याळात बघितलं आणि म्हणाले, 'पळा, बस मिळेल तुम्हाला.'"

त्यानंतर तीन मंगळवार मी कुंझेबाईंना घरी येऊ दिले नाही. दार वाजले तरी उघडले नाही. माणसाचे पन्नास वर्षांचे दैव म्हणजे एका बसचे वेळापत्रक निघाले, तर त्याने रमी खेळावी कशी? पण खरे दुखणे ते नव्हते. ल्युडेके त्या दिवसानंतर अकरा वर्षे या गावातच राहत होते. शनिवारी बाजारात, कोबीच्या दुकानापाशी भेटत. दर वेळी टोपी उचलून एकच वाक्य म्हणत: "घाई करता तुम्ही, रेबलिंग." आणि हसत. मला वाटे, म्हातारा जळतो. मी टोपीसुद्धा उचलत नसे. त्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मला तालीम होती. ती पुढे ढकलता आली असती. मी ढकलली नाही.

चौथ्या मंगळवारी मी स्मशानात जाऊन आलो. ल्युडेकेसाहेबांच्या दगडापुढे टोपी काढून उभा राहिलो, आणि कोणी बघत नाही असे पाहून जे म्हणायचे ते म्हणालो. येताना आलुबुखारांचा केक घेतला, आणि संध्याकाळी दार उघडे ठेवले.

"संपला रुसवा?" कुंझेबाईंनी कोट काढता काढता विचारले.

"संपला. पण ती बदामची राणी मी परत घेणार."

"टाकलेला पत्ता परत मिळत नाही," त्या म्हणाल्या.

१२ ऑक्टोबरला, म्हणजे गेल्या महिन्यात, समारंभ झाला. पाटी खोटी आहे हे मी डेगेनकोल्बेंना आधी तीनदा सांगितले होते. ते तीनदा हसले होते. म्हणून मी व्यासपीठावरूनच सगळे सांगायचे ठरवले. टोप, कडी, बस, टेलिफोन, काही गाळले नाही. सभागृहात हशा पिकला. नगराध्यक्षांनी डोळे पुसले. कुंझेबाई तिसऱ्या रांगेत उभ्या राहून ओरडल्या, "अहो, हसता काय? खरं आहे ते! मीच लावली कडी!" तर लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या आणि कोणीतरी त्यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले: "वयोवृद्ध संचालकांची मिश्किल कोपरखळी." पाटी तशीच आहे.

जन्मभर या गावाने माझे गंभीर संगीत झोपेत ऐकले आणि माझा एकमेव खरा शब्द विनोद म्हणून घेतला. मृत्युपत्र मात्र कोणी विनोद म्हणून वाचत नाही. म्हणून अट अशी: माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांच्या आत जुनी पाटी काढून तिथे पुढील मजकुराची नवी पाटी लावावी:

"१२ ऑक्टोबर १९६९ रोजी प्रॉम्प्टर रोझविता कुंझे यांनी आईसाठी सव्वासहाची बस गाठता यावी म्हणून प्राध्यापक ल्युडेके यांना विगांच्या खोलीत कोंडले. हाताशी टेलिफोन असूनही प्राध्यापक ल्युडेके यांनी तो उचलला नाही. या दोघांमुळे आन्सगार रेबलिंग यांना काम मिळाले. त्यांनी ते बऱ्यापैकी केले."

'बऱ्यापैकी' हा शब्द काढू नये आणि वाढवूही नये. कुंझेबाईंचे म्हणणे, "माझं नाव नको हो, गुन्हा आहे तो." मी वकिलांना विचारले आहे. खटला भरण्याची मुदत कधीच संपली.

पाटी लागली नाही, तर सर्व एकशे त्र्याऐंशी पुस्तके आमच्या शेजारच्या गावच्या नाट्यगृहाला जावीत. ते लोक आमच्याहून वाईट वाजवतात आणि त्यांची आसने मात्र मऊ आहेत. श्री. डेगेनकोल्बे यांना हे सहन होणार नाही, याची मला खात्री आहे.

कलम ६. हे पान मी दुमडून टाचणी लावून ठेवीत आहे. कुंझेबाईंनी ते मी जिवंत असेपर्यंत वाचू नये.

१९८३च्या वसंतात हॅम्बुर्गच्या एका मोठ्या नाट्यगृहाने मला एका खेळासाठी बोलावले होते. खेळ जमला असता तर तिथली जागा मिळणार होती. पुढे वर्षानुवर्षे गावात बोलले गेले की रेबलिंगला मोठ्या शहराने नापास केले. मी तसे बोलू दिले. खरे असे की मी गेलोच नाही. स्टेशनावर वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो होतो. बगलेत स्वरलिपी, पेटीत इस्त्रीचे सदरे. खिशात तिथल्या व्यवस्थापकांचे पत्र होते. बाकड्यावर बसून ते पुन्हा वाचले. शेवटी एक ओळ होती: आमच्याकडे खोके नाही, प्रॉम्प्टर पडद्याआड बाजूला बसते, संचालकाला ती दिसत नाही, तरी आपली गैरसोय होणार नाही अशी आशा आहे.

मी मोहरी लावून दोन सॉसेज खाल्ले. गाडी आली. गाडी गेली. पोट बिघडल्याची तार केली आणि घरी आलो.

एडेलट्राउड जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते, माझ्या पायात कसलीही बेडी नव्हती. पण त्या आरशातली भुवई दिसणार नसेल तर मला हॅम्बुर्गच काय, जगातले कुठलेच नाट्यगृह नको होते. हे तेव्हाच जाऊन सांगायचे सोडून मी तेवीस वर्षे छडी हलवली आणि तेरा वर्षे पत्ते पिसले. साठ माणसांना एका इशाऱ्यावर थांबवणारा आणि चालवणारा मी, पण एका बाईसमोर हात वर करायचे धैर्य झाले नाही. रोझविता, लग्न करशील का, असे विचारायचे होते. एवढेच. आता विचारून उपयोग नाही, कारण हे वाचले जाईल तेव्हा मी नसेन. याच हिशेबाने लिहायचा धीर झाला.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला वाद्यवृंदाने काहीही वाजवावे, परंतु समोर कोणी छडी घेऊन उभे राहू नये. त्यांना त्याची गरज नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळले होते. बाहेर कळू दिले नाही, त्यालाच कारकीर्द म्हणतात. त्यानंतर सर्वांना माझ्या खर्चाने बटाट्याचे सॅलड, सॉसेज आणि बिअर द्यावी. भाषणे दोन मिनिटांपेक्षा लांबली तर ढोलवाल्याने ढोल वाजवावा. जागा असेल तर माझा दगड ल्युडेकेसाहेबांच्या शेजारी बसवावा.

अशा मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असे कायदा म्हणतो. पण समोर कोणी बसलेले नसताना मी आजवर काहीच केले नाही, म्हणून दोघांना बोलावले आहे. वरील सर्व मजकूर मी लिहिला, स्वतःला मोठ्याने वाचून दाखवला, आणि दोन ठिकाणी लय बिघडली असली तरी तो मला मान्य आहे.

ठिकाण: लिंडेनरोडे, माझ्या स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९, दुपारी चार

(सही) आन्सगार योहानेस रेबलिंग

साक्षीदार पहिला:
रेबलिंग यांनी माझ्यासमोर सही केली. मी आतले काहीही वाचलेले नाही. कलम ४ मधील सुराविषयीचे विधान खोटे आहे.
(सही) ओटमार क्राल, ओबोवादक, निवृत्त

साक्षीदार दुसरी:
मी, रोझविता कुंझे, साक्ष देते की रेबलिंगसाहेबांनी माझ्यासमोर सही केली आणि मग कॉफी करायला उठले. तेवढ्या वेळात मी टाचणी काढली. प्रॉम्प्टरने पुढचं पान आधी वाचून ठेवायचं असतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. स्टेशनावरचा सॉसेजवाला माझा मावसभाऊ होता. साहेब गाडी सोडून बसले, हे त्यानं त्याच दिवशी मला सांगितलं. त्या पत्रातली ओळ मात्र मला आज कळली.

कलम ६ मी या कागदातून फाडून पर्समध्ये टाकलं आहे. मेल्यानंतर बोलायचं ते माणसानं जिवंतपणी बोलावं. येत्या रविवारी तीन वाजता, माझ्या घरी. पाठ करून या. मी शब्द पुरवणार नाही.

(सही) रोझविता कुंझे